मधला खटका

लेकीच्या मनात काही वाकडं नव्हतं. ती सहज बोलून गेली, "बाबा, तुमचा पिकअप दमदार आहे, पण पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखा वाजतो. काकांनी केलेला एकदा लावून बघू या का?" तिचे बाबा, म्हणजे दादा, तेव्हा चहा पीत होते. तेवढा घोट त्यांनी कसाबसा गिळला, पण ते वाक्य काही त्यांच्या घशाखाली उतरलं नाही.

काका म्हणजे दादांचे साडू. दादांची मेहुणी ज्याला दिली, तो चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा, हळू आवाजात बोलणारा माणूस. आणि पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवतात ती बोटभर पट्टी. तिच्यात लोहचुंबकाचे सहा खुंट असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची तार थरथरली की ही पट्टी ते हेरते आणि स्पीकरकडे पोचवते. गिटार कितीही देखणी असो, ही पट्टी भिकार निघाली तर सगळा थाट पाण्यात.

आता वेढे घालायचे म्हटल्यावर दादांच्या घरात दुसऱ्या कुणाकडे बघायची गरजच काय? पंचवीस वर्षं दादांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. जळालेले पंखे, पंप, मिक्सर त्यांच्या टेबलावर यायचे आणि धडधाकट होऊन जायचे. लेकीने जुनी गिटार आणली, तिच्यातले पिकअप किंचाळायला लागले, तेव्हा दादांनी घरीच मागच्या खोलीत शिलाई मशीनच्या मोटरवर एक यंत्र उभं केलं. वेढे मोजायला एक जुना कॅल्क्युलेटर जोडला, प्रत्येक फेरीला आकडा एकने वाढेल असा. दोन पिकअप गुंडाळले, वितळलेल्या मेणात बुडवून काढले, बसवले. लेक आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरत होती, "माझ्या बाबांनी घरी केलेत." दादा वरवर म्हणायचे, "त्यात काय एवढं," आणि पुन्हा कोणी विचारतंय का याची वाट बघायचे.

आणि या चष्मेवाल्याला शिकवलं कोणी? तर दादांनीच. रविवारी मेहुणी यायची, दोघी बहिणी आत गप्पा मारत बसायच्या आणि बाहेर हे दोन साडू पंख्याकडे बघत बसायचे. बोलायला विषय नाही. शेवटी कीव येऊन दादा त्याला मागच्या खोलीत घेऊन गेले आणि यंत्र दाखवलं. त्याने तीन रिळं वाया घालवली. तार पाचशे वेढ्यांवर तुटायची, कधी पाच हजारांवर. गुंडाळायचा तेही असं तिरपं आणि सैल, की दादांनी बायकोला हसून सांगितलं होतं, "कंटाळलेल्या माणसाने लोकर गुंडाळावी तसं चाललंय." चष्मेवाला मात्र वहीत सगळं टिपून घ्यायचा. किती वेढे, कुठली तार, किती ताण. मग त्याने आपल्या घरी ड्रिल मशीन उभी केली आणि गुपचूप नाद लावून घेतला.

त्याचा पिकअप घेऊन तो आला तो चष्म्याच्या डबीत. आत मखमल, मखमलीवर पिकअप, सोबत बारीक अक्षरातली चिठ्ठी: पांढरी तार खटक्याला, काळी अर्थला.

"बाई, किती नीटनेटकं!" दादांची बायको म्हणाली.

दादांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पंचवीस वर्षांत त्यांच्या एकाही मोटरला हिने 'बाई' म्हटलं नव्हतं.

"बसवाल तेवढं तुम्हीच, दादा," चष्मेवाला म्हणाला. "माझा हात कापतो सोल्डरिंगला. पोरीच्या गिटारवर डाग पडायला नको. तुमच्यासारखी सफाई मला कुठली?"

"ठेवा तिथे," दादा म्हणाले.

लेकीने बापाचा चेहरा ओळखला असावा. ती जवळ येऊन म्हणाली, "बाबा, वरचा तुमचाच राहू दे. फक्त खालचा काकांचा लावू. रविवारी आमची तालीम आहे, तेव्हा वाजवून बघते. नाही आवडला, तर तुमचा जुना परत. नक्की."

तेवढी एक वाट राहिली होती. रविवारी लेकीने तोंड वाकडं करायला हवं, म्हणजे ती डबी मखमलीसकट परत जाईल आणि गिटारवर पुन्हा फक्त बापाचा हात राहील. दादांना दुसरं काही नको होतं. बाकी जगाने चष्मेवाल्याला डोक्यावर घेऊन नाचावं, त्यांची ना नव्हती. निदान ते स्वतःला तसं सांगत होते.

शनिवारी दुपारी मायलेकी बाहेर गेल्या होत्या. दादांनी मागच्या खोलीत टेबलावर चादर पसरली, गिटार आडवी ठेवली, तारा सैल केल्या. आपला खालचा पिकअप काढून बाजूला ठेवला. वेढे कसे एकावर एक, दाट, ओळीत बसलेले. मोटरचं गुंडाळावं तसं. मग चष्मेवाल्याचा डोळ्यांजवळ धरला. तोच तिरपेपणा, तोच सैलपणा, वेढेही दादांपेक्षा हजारभर कमी. दादांना बरं वाटलं. चिठ्ठीप्रमाणे पांढरी खटक्याला आणि काळी अर्थला टाकली. कामात कसूर करणं त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं, सोल्डरचा प्रत्येक थेंब चकचकीत बसला. झाल्यावर छोट्या स्पीकरला लावून, दार ओढून घेऊन, त्यांनी अंगठ्याने एक तार छेडली.

आवाज स्वच्छ होता. प्रत्येक सूर सुटा, उजळ, शेवटपर्यंत ऐकू येणारा. दादांनी पुन्हा छेडली. पिकअप निवडायचा खटका वर करून आपला वरचा पिकअप ऐकला, खाली करून त्याचा. खोटं किती वेळ बोलणार स्वतःशी? लेकीचं खरं होतं. दादांच्या आवाजावर झाकण होतं. आणि का होतं तेही त्यांना त्या क्षणी कळलं. मोटरला लागते ती घट्ट, दाट, काटेकोर गुंडाळणी, ज्या हातावर त्यांनी घर चालवलं, तीच इथे सूर दाबत होती. चष्मेवाल्याच्या गबाळ्या वेढ्यांत मोकळी जागा राहिली होती, म्हणून सूर मोकळा. ज्याला ते हसले होते, त्यानेच मारली होती बाजी. आणि त्या बिचाऱ्याला हे बहुधा ठाऊकही नव्हतं.

जळफळाट म्हणतात तो असा असतो. आधी छातीत उठतो, मग कानांपर्यंत चढतो, आणि मग माणूस शहाणपणाच्या गोष्टी अगदी शांतपणे करू लागतो. दादांनी अगदी शांतपणे विचार केला. लेकीचं गाणं सुरू होतं ते मधल्या खटक्यावर, म्हणजे दोन्ही पिकअप एकत्र. एकाच्या दोन तारांची अदलाबदल केली तर काय होतं? एकेकटे दोघेही ठणठणीत वाजतात, कुणाला शंका येत नाही. एकत्र केले की एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. सगळा भरदारपणा कापला जातो आणि नाकातून बोलल्यासारखा किरटा आवाज उरतो. वाइंडिंगच्या धंद्यात ही चूक शिकाऊ माणसानेही केली तर त्याला दिवसभर ऐकून घ्यावं लागतं.

दादांनी इस्तरी तापवली, सोल्डरची, आणि काळी तार खटक्याला टाकली, पांढरी अर्थला. चिठ्ठी चुरगाळून खिशात घातली. मधला खटका लावून एकदा ऐकलं. आवाज इतका किरटा, की त्यांना हसूच आलं. मग त्यांनी गिटार पुसली, तारा सुरात लावल्या आणि हात धुतले. दोनदा धुतले.

रविवारी सकाळी सगळे बाहेरच्या खोलीत जमले. लेक गिटार घेऊन स्टुलावर, शेजारी तिची गाणारी मैत्रीण, सोफ्यावर दोघी बहिणी. चष्मेवाला दाराजवळच्या खुर्चीत अवघडून बसला होता, परीक्षेचा निकाल आपलाच लागणार असल्यासारखा. दादा भिंतीला टेकून उभे.

लेकीने आधी खालचा खटका लावला. चार सूर वाजवले आणि तिचे डोळे मोठे झाले. "काका," ती म्हणाली, "हे तुम्ही ड्रिल मशीनवर केलंत?"

"जमलंय का बरं?" चष्मेवाल्याने विचारलं.

"बरं काय काका, गोड आहे."

दादांनी हाताची घडी घातली. असू दे, ते मनात म्हणाले, आता मधला येऊ दे.

लेकीने खटका मध्ये आणला आणि गाण्याची सुरुवात धरली. किरटा, बारीक आवाज खोलीभर पसरला. ती थबकली. तिच्या कपाळाला आठी पडली.  ती आठी दादांना किती सुंदर दिसली म्हणून सांगावं.

"थांबू नकोस," मैत्रीण म्हणाली. "तेच वाजव पुन्हा."

लेकीने वाजवलं आणि मैत्रीण गायला लागली. तिचा आवाज नाजूक. आजवर प्रत्येक तालमीत गिटारच्या दमदारपणाखाली तो चेंगरायचा, आणि दोघींची त्यावरून धुसफूस व्हायची. आज गिटार बारीक होऊन एका कडेला उभी राहिली होती आणि मधली सगळी जागा गाणारीला मोकळी होती. शब्दन् शब्द ऐकू येत होता. गाणं संपलं. मेहुणी तर पदराने डोळे टिपत होती.

"हेच," मैत्रीण म्हणाली. "महिनाभर हेच शोधत होतो आपण."

"काका, मधल्या खटक्यावर काय जादू केलीत?" लेकीने विचारलं.

दादांच्या अंगाचा तिळपापड झाला. जादू! करणारे ते, निस्तरणारे ते, आणि आरती ओवाळली जाणार चष्मेवाल्याची. बोलायची सोय नव्हती. 

चष्मेवाला उठला. गिटारजवळ बसून त्याने खटका वर केला, खाली केला, मध्ये आणला, प्रत्येक वेळी कान तिरका करून एकेक सूर ऐकला. त्याचा हात मधल्या खटक्यावर जरा जास्तच वेळ राहिला. मग त्याने मान हलवली.

"हे माझं काम नाही," तो म्हणाला. "माझ्या चिठ्ठीप्रमाणे जोडलं असतं तर मध्ये असा आवाज आलाच नसता. तारा उलट केल्याशिवाय हे होत नाही. हे दादांनी केलंय."

सगळ्यांची तोंडं दादांकडे वळली.

"तुझी मैत्रीण कशी गाते ते ऐकलं असणार त्यांनी तालमीत," चष्मेवाला लेकीला सांगत होता. "म्हणून मुद्दाम केलं असणार. मला सुचलं नसतं, शंभर पिकअप गुंडाळले असते तरी."

"आणि बोलायचं नाही तोंडाने," दादांची बायको म्हणाली. "कालपासून घुम्यासारखे बसलेत. मला वाटलं, रागावलेत की काय."

लेक गिटार ठेवून उठली आणि तिने बापाच्या गळ्यात हात टाकले. लहानपणानंतर पहिल्यांदाच असेल. दादांना आजवर चष्मेवाल्याच्या हाताचा हेवा वाटत होता. आता त्याच्या मनाचाही वाटू लागला, आणि हा दुसरा जास्त डाचत होता. वेढे सैल घालायला शिकता येतं. हे कुठून आणायचं?

"सांगा ना बाबा," लेक म्हणाली, "कसं सुचलं तुम्हाला?"

दादांनी तिच्या खांद्यावरून चष्मेवाल्याकडे पाहिलं. तो खाली बघत वायर सारखी करत होता. एकदा 'असंच सुचलं' म्हटलं की झालं होतं, सगळं पदरात पडणार होतं. पण जीभ वळेना.

"तुझ्या काकांचा पिकअप फसावा म्हणून केलं," दादा म्हणाले. "तुला आवडू नये म्हणून."

सगळी खोली खदखदून हसली. मेहुणी म्हणाली, "भाऊजी म्हणजे ना!" लेक हसता हसता बापाच्या छातीवर डोकं टेकवून म्हणाली, "कधी सरळ सांगतील तर शपथ."

चष्मेवाला तेवढा हसला नाही. त्याने मान वर केली. त्याच्या नजरेत राग नव्हता आणि नवलही नव्हतं. तेव्हा दादांना उमगलं, की हा माणूस मघाशी, खटक्यावर हात ठेवून बसला होता तेव्हाच सगळं समजून चुकला होता.

"पुन्हा एकदा होऊ दे गं," चष्मेवाला लेकीला म्हणाला. "सुरुवातीपासून."

लेक स्टुलावर बसली आणि वाजवू लागली. या वेळी ती काकांकडे बघत नव्हती, मैत्रिणीकडेही नाही. प्रत्येक ओळ संपली की ती मान उचलून बापाकडे बघत होती. इतके दिवस दादांना एवढंच तर हवं होतं. दुसऱ्या कडव्यापर्यंत त्यांनी कसंबसं निभावलं, मग रिकाम्या कपबशा गोळा केल्या आणि ते आत गेले.