डोहाने खाल्लेला वास

मी एक जुना शिंपला आहे. मुलं खेळायला जमवतात तसं रिकामं कवच नव्हे. माझ्या आत अजून जीव आहे. पाठीवर दरवर्षी उमटणारी वळी मोजलीत तर अकरा भरतील. वैशाखरे गावाखालच्या ओढ्याच्या डोहात, गाळात अर्धा रुतून मी राहतो.

मित्रांनो, माझं काम पाणी गाळण्याचं. पाणी आत घ्यायचं, त्यातलं शेवाळ खायचं, नितळ पाणी बाहेर सोडायचं. माझ्या रक्तातल्या काही पेशी पहारा करीत. आत शिरलेल्या जंतूला त्या वेढून गिळून टाकीत. नऊ वर्षं मी एकदाही आजारी पडलो नाही. डोहाचं पाणी आरशासारखं आहे, असं लोक म्हणत. माझं नाव कुणी घेत नसे, पण मला ते चालत असे.

मग वरच्या पाड्यावरच्या भिमीने प्लास्टिक आणलं. लावणीच्या वेळी पाठीवर घ्यायचं इरलं पूर्वी ती पानांचं विणत असे. आता तिला भंगारातलं जाड, मऊ प्लास्टिक मिळालं. त्याला उग्र वास होता. म्हणून तिने ते डोहात दगडाखाली आठवडाभर भिजत ठेवलं आणि राखेने घासलं.

“वास गेला का गो?” शेजारच्या सावळीने विचारलं.

“गेला. डोहानं खाल्ला,” भिमी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

डोहाने नाही, मी खाल्ला. प्लास्टिक मऊ ठेवणारी रसायनं पाण्यात उतरली आणि माझ्या मांसात साठली. दुसऱ्या वर्षी सगळ्या पाड्याचं प्लास्टिक डोहात आलं. माझे पहारेकरी सुस्तावले. जंतू समोरून जाई आणि त्यांच्याने हलवत नसे. माझ्या अंगावर फोड आले. शेजारचे चौदा शिंपले उघड्या तोंडाने मेले.

तेव्हापासून मी एकाच दिवसाची वाट पाहत होतो. वैशाखात पाणी उतरलं की भिमी पायाच्या अंगठ्याने गाळ चाचपत शिंपले काढते. प्रत्येकाला टिचकी मारते. तोंड मिटलं तर जिवंत, टोपलीत. नाही मिटलं तर मेला, फेकून द्यायचा. मी ठरवलं होतं, घट्ट मिटायचं. तिच्या कालवणात जायचं. तिने मला दिलेलं सगळं तिला परत करायचं.

परवा तिचा अंगठा मला लागला. तिने मला उचललं.

“हा मोठा हाय. सुनेला, रविनाला खायला घालते,” ती सावळीला म्हणाली. “पोर पाच दिसांचा झाला, तिला दूध नाय येत.”

टिचकी बसली.

माझ्यातलं विष रविनाच्या दुधातून पोराच्या अंगात जाणार होतं. पाच दिवसांच्या त्या पोराने डोहात काही धुतलं नव्हतं. त्याच्या पहारेकऱ्यांनी अजून एक जंतूही पाहिला नसेल. माझं सगळं अंग मिटायला ओढत होतं. मी तोंड उघडं ठेवलं.

“मेलाय,” म्हणून भिमीने मला पाण्यात भिरकावलं.

पण टोपलीत आणखी तीस-चाळीस होते. त्यांना भिमी ठाऊक नव्हती आणि रविनाही. टिचकी बसताच ते भ्याले आणि मिटले. टोपली पाड्यावर गेली.

मित्रांनो, भिमीला कुणीतरी सांगा. प्लास्टिक डोहाबाहेर काढा. मी सूड सोडलेला नाही, आणि तो घ्यायला आम्हाला फारसं काही करावं लागत नाही. टिचकी बसली की नुसतं तोंड मिटायचं.