जाता येत नाही

फुलाबाईंचा संशय आधी 'माय' या शब्दावर बसला.

घरात रेंज नीट यायची नाही म्हणून त्यांची सून आयजान गच्चीवर जाऊन, पाण्याच्या टाकीला टेकून माहेरी फोन करायची. फुलाबाई खाली अंगणात धुणं वाळत घालता घालता कान देऊन ऐकायच्या. भाषा काडीची कळायची नाही. पण मधूनच 'माय' यायचं, पुन्हा 'माय'.

"माझंच गाऱ्हाणं सांगती तिच्या आयला," त्या वैशालीला म्हणाल्या. "दर बोलण्याला माय, माय. माय म्हंजी मीच की. तू मास्तरीण हायेस ना भाषेची? मंग शिकून घे तिचं बोलणं, न् मला सांग काय बोलती ती."

वैशाली त्यांची थोरली मुलगी. पौडच्या शाळेत ती मराठी शिकवायची आणि कासारसाईहून रोज स्कूटीवर जाऊन-येऊन करायची. लग्न तिने केलं नव्हतं, आणि आता तो विषय घरात कुणी काढतही नव्हतं. धाकटा धम्मपाल इलेक्ट्रिकल इंजिनियर. एका बांधकाम कंपनीच्या कामासाठी तो काही वर्षं कझाकस्तानात, अल्माटीला होता. तिथेच त्याने आयजानशी लग्न केलं, आणि काम संपल्यावर तिला घेऊन गावी आला. आता तो हिंजवडीत नोकरीला होता. नवरा-बायको आपसात रशियन आणि इंग्रजी मिसळून बोलायचे. आयजानची घरची भाषा कझाक, ती मात्र धम्मपालला कधी आलीच नाही.

"तू मला तुझी भाषा शिकव, मी तुला मराठी पक्की करून देते," वैशालीने आयजानला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा इतका उजळला की वैशालीला क्षणभर तिच्याकडे बघवेना. आपण कशासाठी शिकतोय हे तिला माहीत होतं.

शाळा सुटल्यावर दोघी गावाजवळच्या धरणाच्या बाजूला फिरायला जायच्या. रविवारी तिथे पुण्याकडच्या गाड्यांची गर्दी असायची, इतर दिवशी शेरडं आणि बगळे. एके दिवशी वैशाली 'शकणे' हे क्रियापद समजावत होती.

"मी जाऊ शकते. तू जाऊ शकतेस."

आयजानने जरा विचार केला. "ताई, म्हणजे माझ्या पायात ताकद आहे, म्हणून? की मला कोणी जाऊ दिलं, म्हणून?"

"दोन्ही. कुठे कुठला अर्थ घ्यायचा ते आपलं आपण समजायचं."

"आमच्यात नाही असं," आयजान म्हणाली. पाण्याच्या कडेला सूचनेचा फलक होता, 'येथे पोहण्यास सक्त मनाई आहे'. तो तिने अक्षरं जुळवत वाचला आणि हसली. "हे बघा. मला पोहता येतं. मग मी म्हणते, झुझे आलामिन. आलामिन म्हणजे माझ्यात ते आहे, मला जमतं. पण इथे पोहू देत नाहीत. तेव्हा म्हणायचं, झुझुगे बोल्मायदि. परवानगी नाही."

"आणि पोहायला जमतच नसेल तर?"

"झुझे आल्मायमिन."

आल्मायमिन. बोल्मायदि. दोन्हींत 'माय' होतं. वैशालीने विचारलं तेव्हा कळलं, तो नुसता नकार. आपलं 'नाही' वेगळं उभं राहतं, त्यांचं क्रियापदाच्या पोटात शिरतं.

घरी येऊन तिने आईला सांगितलं. "माय म्हणजे नाही. तुझं नाव नाही घेत ती."

फुलाबाई भाकरी थापता थापता थांबल्या. वैशालीला वाटलं, आता हसतील. पण त्यांच्या कपाळावर आठी आली.

"मंग एवढं न्हाई न्हाई कशापाई म्हणती रोज? काय मागत्यात ती मानसं तिच्याकडं?"

धम्मपाल जेवायला बसला तेव्हा त्याच्या ताटात भाकरी टाकताना त्या पुटपुटल्याच, "बाबा, तुझी बायको कायतरी लपवती. ध्यान ठेव." हे आजचंच नव्हतं. आयजान घरात आल्यापासून रोज संध्याकाळी काही ना काही असायचं. कुणाशी बोलती, का हसती, आज डोळे का लाल हायेत. धम्मपाल मान खाली घालून जेवायचा.

वैशालीला मात्र आता गच्चीवरचं बोलणं तुकड्या-तुकड्याने कळायला लागलं होतं, आणि तेच तिला छळत होतं. आईला आयजान 'आपा' म्हणायची. आपाशी बोलताना तिचा आवाज मोकळा, जरा जास्तच आनंदी असायचा. "केले आल्मायमिन, आपा." मला यायला जमत नाहीये. मग फोन बहिणीकडे जायचा, आयजान टाकीच्या पलीकडे सरकायची, आवाज खाली यायचा. "बारुगा बोल्मायदि."

जायला परवानगी नाही.

वैशाली जिन्यात उभी राहून हे ऐकत होती. आईला एक सांगते आणि बहिणीला दुसरं. यातलं खरं कुठलं? आणि परवानगी नाही तर ती कुणाची नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मपाल गाडी पुसत होता, तिथे ती गेली.

"आयजानला माहेरी जायचंय का रे?"

"तिला आत्ता जाता येत नाही."

"का?"

"परत येण्याच्या व्हिसाचं आहे काहीतरी. सरकारी काम, तुला माहितीये ना. वेळ लागतो."

तो गाडीची काच पुसत राहिला, जी आधीच स्वच्छ होती. वैशाली स्कूटीवरून पौडला निघाली, तरी वाक्य डोक्यातून जाईना. जाता येत नाही. कोण अडवतंय हे न सांगता किती सोयीने बोलता येतं आपल्याला! वर्गात हेच वाक्य फळ्यावर लिहून तिने मुलांना कितीदा शिकवलं होतं, आणि त्यात कर्ता कुठे दडून बसतो हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी धरणावर तिने मनात घोकून ठेवलेला प्रश्न कझाकमधूनच विचारला. बारा आल्मायसिङ् बा, आल्दे बारुगा बोल्माय मा? तुला जाणं जमत नाही, की जायला परवानगी नाही?

आयजान चालता चालता थांबली. ताईला इतकं येत असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिच्या नजरेत आधी कौतुक आलं, आणि लगेच भीती.

"ताई, तुम्ही माझे फोन ऐकता?"

वैशालीने खोटं बोलायचं टाळलं. "हो."

आयजान मराठीतच बोलली, शब्द शोधत. "माझे बाबा गेले, तेव्हा मी गेले नाही. आता एक वर्ष होतंय. आमच्यात वर्षाचं मोठं जेवण असतं, सगळे येतात. मी थोरली मुलगी. धम्मपालला विचारलं. तो म्हणाला, नको. पासपोर्ट त्याच्या ऑफिसमध्ये आहे."

"आणि व्हिसा?"

"व्हिसा चांगला आहे. मी इंटरनेटवर पाहिलं."

"मग आईला का सांगतेस जमत नाही म्हणून?"

"बोल्मायदि म्हटलं तर आपा विचारणार, कोण नाही म्हणतं? मग मला त्याचं नाव घ्यावं लागणार. आल्मायमिन म्हटलं की दोष माझा. आपाला वाटेल, मुलगी आळशी आहे, विसरली. चालेल. जावई वाईट वाटायला नको."

इतके महिने घरातली माणसं या बाईवर नजर ठेवून होती, आणि ही वर टाकीआड उभी राहून त्याच घराची अब्रू झाकत होती.

रात्रीची वाट न बघता तिने घरी येताच आईला सगळं सांगितलं. फुलाबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी फक्त एकच विचारलं.

"बापाचं वरीस हाय?"

"हो."

फुलाबाई खाली बसल्या. त्यांच्या नवऱ्याच्या, सोमनाथच्या, पुण्यानुमोदनाला, मरणानंतरच्या वंदनेला, धम्मपाल अल्माटीहून धावत आला होता. दोन विमानं बदलून. ते आठवूनच की काय, त्यांनी पदराने तोंड पुसलं. धम्मपाल दारात चप्पल काढत होता तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"तिला कुणी अडवलंय रं?"

धम्मपालने बहिणीकडे पाहिलं. त्याला कळलं.

"सरकारनं का तू?"

"आई, तुला माहीत नाही..."

"तुज्या बापाला तू येऊन वंदन केलंस, तवा आमी नको म्हणालो व्हतो का?"

"आणि ती परत नाही आली तर?" धम्मपालचा आवाज चिरकला. "मी काय करू? कुणाशी बोलती, का हसती, काय लपवती, रोज जेवताना हेच ऐकलंय मी. ध्यान ठेव, ध्यान ठेव. तूच सांगत होतीस ना? मग ठेवलं ध्यान. पासपोर्ट नेऊन कुलपात टाकला."

आयजान आतल्या खोलीच्या दारात उभी होती. तिला किती कळलं कुणास ठाऊक, पण धम्मपालचा चेहरा तिने पाहिला.

फुलाबाई भिंतीला हात लावून उठल्या आणि सुनेपुढे जाऊन उभ्या राहिल्या. माफी मागायची सवय त्यांच्या जिभेला नव्हती. "जा तू," त्या म्हणाल्या. "बापाचं जेवन हाय. जायलाच पायजे." मग मुलाकडे वळून, "उद्या घिऊन ये ते पासपोर्ट. आन् तिच्या हातात दे. माज्या न्हाई, तुज्या न्हाई."

आयजान गेली. धम्मपाल तिला विमानतळावर सोडून आला तेव्हा थेट गच्चीवर गेला.

पुढचे दिवस वाईट गेले. आयजानने परतीचं तिकीट पुढे ढकललं. मग पुन्हा ढकललं. फुलाबाईंच्या ओठांवर रोज काहीतरी यायचं आणि त्या गिळून टाकायच्या. धम्मपाल फोन हातात धरूनच झोपायचा. वैशालीलाही मनातून वाटायला लागलं होतं की आपण त्याचं घर मोडलं.

शेवटी आयजानचा फोन आला, धम्मपालला नाही, वैशालीला. येते म्हणाली. पण कासारसाईला नाही. सूसला एखादा छोटा फ्लॅट बघा, तिथूनही त्याला ऑफिस जवळच पडेल आणि ती लहान मुलांना रशियन शिकवायचे वर्ग घेईल. आईंना भेटायला ती येत जाईल. "पण त्या घरात मला पुन्हा कोणी ऐकत बसलेलं नको," ती म्हणाली, आणि ते वाक्य तिने मराठीत म्हटलं, एकही चूक न करता.

धम्मपालने दुसऱ्याच दिवशी सूसमध्ये जागा बघायला सुरुवात केली. आयजान विमानतळावरून थेट तिकडेच गेली. फुलाबाईंनी वैशालीच्या हाती ज्वारीच्या भाकरी आणि सुकटीची चटणी पाठवली. स्वतः अजून गेलेल्या नाहीत. वैशालीने चल म्हटलं की म्हणतात, "बोलवल तवा जाईन," आणि अंगणातलं धुणं झटकून दोरीवर टाकत राहतात.