वाढत्या अंगाचं जॅकेट

लाँच धक्क्याला लागायच्या आधीच मास्तर उठून उभे राहिले आणि खलाशाची बोलणी खाऊन पुन्हा खाली बसले. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. बाजारात जन्मभर मशीन चालवलं म्हणून लोक मास्तर म्हणत. पुढे हात थरथरू लागले, दुकान बंद झालं, मग बायको गेली. आता ते बेटावर लेकीकडे निघाले होते. खरं सांगायचं तर लेकीपेक्षाही तिच्याकडच्या एका कासविणीला भेटायला.

लेक जनावरांची डॉक्टर. समुद्रात जखमी झालेल्या प्राण्यांचं एक लहानसं केंद्र ती बेटावर सांभाळत होती. तिथे एक कासवीण आणली होती. बोटीचा पंखा लागून पाठ फुटलेली. जखम भरली, पण कवचाखाली हवा अडकून राहिली आणि बिचारीची मागची बाजू कायम पाण्याच्या वर. बुडी म्हणून मारता येईना, म्हणून सगळे तिला तरंगी म्हणू लागले. मागे शिशाचे तुकडे बांधले तर ती खाली जाईल, पण चिकटवलेले तुकडे टिकेनात. तेव्हा लेकीला आपला बाप आठवला. खिशांचं जॅकेट शिवाल का, असं तिने फोनवर विचारलं आणि पाणबुड्यांच्या पोशाखाचं रबरी कापड धाडून दिलं.

मास्तरांना हसून हसून ठसका लागला. नवरदेवांचे कोट झाले, वकिलांचे डगले झाले, आता हे गिऱ्हाईक. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी मशीनवरची धूळ झटकली. हात ऐकत नव्हते, एकेका शिवणीला सकाळ जायची. तेव्हा बायको हिंडतीफिरती होती, काठाची तुरपाई तिने केली. ती नेहमी तीच करायची, आणि इतकी बारीक की टाका शोधायला भिंग लागावं.

कापड बेतताना दोघांचं वाजलं. मास्तरांनी माप चार बोटं सैल धरलं होतं. ही त्यांची जुनी खोड. पोराचा कपडा म्हटला की तो वाढत्या अंगाचा. लेकीचा शाळेचा गणवेशसुद्धा असा शिवत की तो तिच्या अंगाला बसेपर्यंत विरून जाई.

“अहो, पाण्यात राहणारं जनावर ते,” बायको म्हणाली. “अंगाबरोबर शिवा.”

“शिंपी मी की तू?” मास्तर म्हणाले, आणि विषय संपला.

जॅकेट गेलं. थोड्याच दिवसांत बायकोने अंथरूण धरलं. लेकीचा दर आठवड्याला फोन यायचा. तरंगी तळाला जाऊन बसते, तरंगीने आज पोटभर खाल्लं, असलं काहीबाही ती सांगायची. मास्तर ते तिखटमीठ लावून बायकोला ऐकवत. ती विचारायची, “आणि जॅकेट?” मास्तर म्हणत, “जॅकेटला काय होतंय? माझ्या हातचं आहे.” मग ती हं म्हणून भिंतीकडे कूस वळवायची. दुखत असेल, असं मास्तरांना वाटायचं.

ती गेल्यावर घरात तिची लुगडी, चष्मा, भांडी असं सगळं होतं. पण तिने शेवटची सुई धरली ती त्या जॅकेटासाठी, आणि मास्तरांनीही. त्यानंतर दोघांच्या हातून काहीच झालं नाही. ते शेवटचं काम नीट बसलंय का, टिकलंय का, एवढं डोळ्यांनी पाहायचं होतं. मग डोळे मिटले तरी चालणार होतं.

केंद्र ते केवढं! पत्र्याचं छप्पर, ओळीने मांडलेल्या गोल टाक्या, मासळीचा वास आणि कुठेतरी सतत घरघरणारा पंप. दारात चपला काढायच्या, हात धुवायचे, काचेवर टकटक करायची नाही, अशा पाट्या. आत आलेलं एक कुटुंब पाट्या वाचून टकटक करत होतं. लेक धावत आली, पाया पडली आणि मग उगाचच पंपाबद्दल बोलत राहिली. प्रवास कसा झाला, चहा घेता का, आधी जेवूनच घ्या. मास्तर म्हणाले, जेवण कुठे पळत नाही, आधी ती दाखव.

शेवटच्या टाकीत ती होती. काळं जॅकेट, पाठीवर खिसे, बगलेतून गेलेले पट्टे. पुढचे पाय वल्ह्यासारखे मारत ती वर आली, नाक बाहेर काढून श्वास घेतला आणि संथपणे खाली जाऊन तळाला टेकली. मास्तरांचे डोळे भरून आले. ते आयुष्यात असे कधी गिऱ्हाइकासमोर रडले नव्हते. बसलंय, ते म्हणाले, झकास बसलंय.

आणि तिथेच घोटाळा झाला. झकास बसायला नको होतं. त्यांनी तर ते चार बोटं सैल शिवलं होतं.

त्यांनी चष्मा पुसला, टाकीवर वाकले. दोन्ही कुशींना कापड आत मुडपलं होतं आणि वरून मासेमारीच्या दोऱ्याचे हे लांबलांब टाके. लेकीचे टाके ते कुठेही ओळखले असते. तिला सुई धरायला शिकवता शिकवता तिच्या आईने हात टेकले होते.

“जरा बारीक झाली ती,” लेक घाईने म्हणाली, “म्हणून आत घेतलं.”

माणूस पोटाला बारीक होतो, दंडाला होतो. पण पाठीचं हाड कधी आखूड होतं का? आणि हिची तर सबंध पाठच हाडाची. लेकीने फोनवर दिलेली मापं त्यांना तोंडपाठ होती. ही पाठ वीतभर तरी लहान होती.

“ही तरंगी नाही,” ते म्हणाले.

लेकीने हातातली बादली खाली ठेवली. टकटक करणारं कुटुंब बाहेर जाईपर्यंत ती थांबली आणि मग टाकीच्या कडेला बापाशेजारी बसून तिने सगळं सांगितलं. जॅकेट घातल्यावर तरंगी पहिल्यांदाच तळाला गेली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. थोडं सैल वाटलं होतं, पण बाबांचं काम म्हणून लेकीने हात लावला नाही. काही दिवसांनी पट्टा घसरला, पुढचा पाय त्यात अडकला आणि तिला वर येता आलं नाही. सकाळी ती तळाशीच होती.

“कासव बुडून मरतं?” मास्तरांनी विचारलं.

“श्वास घ्यायला वर यावंच लागतं त्यांना.”

जन्मात कुणाचं माप चुकलं तर कपडा उसवून देता येत होता.

ही दुसरी नंतर आली, लेक सांगत होती, तशीच तरंगणारी, अंगाने लहान. तेच जॅकेट आत घेऊन घातलं, आता खरंच नीट चाललंय, दुखणं उतरलं की समुद्रात सोडायचं. मला तुम्हाला सांगायचं होतं बाबा, पण.

“पण काय?”

“त्या दिवशी फोन आईने उचलला होता. तुम्ही औषधं आणायला गेला होता. मी रडत होते. ती म्हणाली, त्यांना कळू देऊ नकोस. आता त्या हातांनी दुसरं काही व्हायचं नाही, एवढं तरी चांगलं राहू दे.”

म्हणजे तिला ठाऊक होतं. उशाशी बसून मास्तर तरंगीने काय काय खाल्लं ते रंगवून सांगत होते, तेव्हा ती मेलेल्या जनावराची चौकशी करत होती. तोंडात तीळ न भिजणारी बाई! दूध उतू जावो नाहीतर मास्तरांची पैज बुडो, ‘मी सांगत होते’ हे वाक्य तिच्या ओठांवर तयार असायचं. त्या वाक्यावरून मास्तर आयुष्यभर तिच्याशी भांडले होते.

“म्हणाली का ती?” त्यांनी हळूच विचारलं. “मी सांगत होते, असं?”

“नाही बाबा. एकदाही नाही.”

मास्तरांनी मान हलवली. मग त्यांनी कात्री मागितली. लेक नको म्हणत होती, चांगलं चाललंय म्हणत होती, पण ते ऐकेनात. शेवटी तिने आणि मदतनीस बाईने कासविणीला वर काढून ओल्या गादीवर ठेवलं आणि जॅकेट सोडवून त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी ते उलटं केलं. काठाची तुरपाई जशीच्या तशी होती, एक टाका निसटला नव्हता. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

मुडपलेलं कापड आतल्या बाजूला लोंबत होतं. पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून जास्तीचं कापड त्यांनी कधी कापलं नव्हतं, कुणाचंच नाही. आज त्यांनी कात्री लावली. हात इतका थरथरत होता की लेकीने त्यांचं मनगट धरलं. दोघांनी मिळून दोन्ही कुशींतलं जास्तीचं कापड कापलं.

“एकदा म्हणायचं होतंस गं,” मास्तर त्या तुरपाईला म्हणाले. “मी भांडलो नसतो.”