दुधाने पुसलेली पाने

मी एक जुना मनीप्लांट आहे, आणि मांजरांसाठी विषारी आहे. मित्रांनो, हे आधीच सांगितलेले बरे. कारण ज्या घरात मी नऊ वर्षे काढली, तिथे असे काही कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

शेजारणीने दिलेली वीतभर फांदी आणि पाण्याची बाटली, एवढेच माझे बालपण. पुढे घरच्या मालकिणीने, जिला सगळे आत्या म्हणत, मला कुंडीत लावले आणि मी खिडकीच्या चौकटीवरून पडद्याच्या दांडीपर्यंत पोचलो. आत्या दर रविवारी कापसाचा बोळा दुधात बुडवून माझे एकेक पान पुसायची. पाहुणे विचारत, पाने प्लास्टिकची आहेत का? मला तो गौरव वाटे.

मग आत्याच्या भावाने, म्हणजे काकांनी, आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागे सापडलेली एक मांजर घरी आणली. तिचे नाव पडले ठकी. माझ्या पानांना येणारा दुधाचा वास ठकीला फार आवडला. आधी ती नुसती चाटायची. एका रविवारी तिने सरळ चावा घेतला.

माझ्या रसाने तोंडाची आग होते. ठकीच्या तोंडातून लाळेची धार लागली, ती पंजांनी तोंड खरवडू लागली. खाली पडलेले अर्धे पान पाहून आत्याने फोन लावला. जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, जे चावले ते सोबत आणा. आत्याने ठकीला उचलले आणि काकांनी मला, कुंडीसकट. माझी दोन हात लांब वेल रस्ताभर लोळत आली.

"एक पान पुरलं असतं," डॉक्टर म्हणाले. ठकीचे तोंड धुऊन त्यांनी इंजेक्शन दिले. संध्याकाळपर्यंत ती बरी होईल, पण असले कडू पान तिने तोंडात घेतलेच कसे, हे त्यांना कळेना.

"कडू कसं लागेल हो? मी दर आठवड्याला दुधानं पुसते," आत्या म्हणाली.

काका छताकडे बघू लागले.

"ताई, तुम्ही विषाला दूध लावून मांजरीला वाढताय," डॉक्टर म्हणाले. "घरी एकच न्या. झाड नाहीतर मांजर."

आत्याने आम्हा दोघांकडे पाहिले. एकीकडे माझी नऊ वर्षे, दुसरीकडे ठकीचे चार महिने. मांडीवरची ठकी मात्र लाळ गाळत पुन्हा माझ्याच दिशेने मान लांबवत होती. आत्याने तिला मागे ओढले.

"हिला अक्कल नाही," ती म्हणाली. "हिलाच न्यावं लागेल."

आता मी काकांच्या दुकानात राहतो. मित्रांनो, झाड घरी आणताना ते दिसते कसे, हे तुम्ही बघालच. घरातल्या कोणी ते चावले तर काय होईल, तेही विचारा. आम्हाला सांगता येत नाही, आणि मांजर ऐकत नाही.