घड्याळवाल्याच्या टेबलावरचं यान

मी एक यान आहे, पण कागदाचं. सिनेमातलं माझं थोरलं भावंड ताऱ्यांमधून सुसाट जातं. मी मात्र दौंडात, स्टेशनाजवळच्या एका दुकानात काचेमागं उभा आहे.

माझा जन्म २००५ सालचा. निखत एका सायबर कॅफेत काम करायची. तिथल्या प्रिंटरमधून मी एकोणीस जाड कागदांवर बाहेर पडलो, चपटा, तीनशे बारा तुकड्यांत. तिच्या अब्बांनी, रशीदभाईंनी, तो सिनेमा केबलवर पाहिला होता आणि हेच यान मागितलं होतं.

रशीदभाईंनी तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. मग एका सकाळी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, पण हात थरथरत राहिला. डॉक्टर म्हणाले, बोटांना बारीक काम द्या.

दुकानाला चार महिने कुलूप होतं. पुतण्या शोएबला तिथं मोबाइल विकायचे होते. रशीदभाईंनी त्याला पुढच्या महिन्यातला एक जुम्मा नेमून दिला.

"तवर माझ्या हातानं हे यान उभं राहिलं तर दुकान माझं. न्हाई तर किल्ली तुझी."

काम घरीच सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात ब्लेडखाली माझे अकरा तुकडे फाटले. निखत मुकाट्यानं ते पुन्हा छापून आणायची. घडी पाडण्याआधी रशीदभाई बोथट सुईनं रेघ ओढत. हात हलला की रेघ वाकडी, तुकडा वाया. तरी हळूहळू माझ्या बरगड्या उभ्या राहिल्या, त्यावर कवच चढलं. मग इंजिनं आली. एकेक बोटाच्या पेराएवढं, आणि आत सोळा पाती. एक पातं बसवायला कधी कधी अख्खी दुपार जायची. निखतची आई हुसेनबी जेवणाचं ताट घेऊन दारातच थांबायची.

"ठेवू का?"

"थांब जरा."

जुम्म्याच्या सकाळी एकच तुकडा उरला. अँटेनाची छत्री. काडीपेक्षा बारीक दांड्यावर ती सरळ बसवायची होती. रशीदभाईंनी चिमट्यात धरली, सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा चिकटली, पण एका अंगाला कलली.

"अब्बा, मी धरू?"

"हात लावू नको."

ते उठले आणि नमाजाला गेले.

निखत माझ्यासमोर बसली. तिनं दाराकडं पाहिलं आणि चिमटा उचलला. ब्लेडचं टोक छत्रीच्या बुडाशी शिरलं तेव्हा मला वाटलं, संपलं. पण तिचा हात जरासुद्धा हलला नाही. छत्री सुटली, सरळ झाली, बसली.

रशीदभाई परतले ते शोएबला घेऊनच. शोएबनं मला चहूबाजूंनी न्याहाळलं.

"जमलं की चाचा. मग दुकान तुमचंच."

रशीदभाईंनी डोळ्याला भिंग लावलं. छत्रीच्या बुडाशी वाकून पाहिलं.

"हे माझं काम न्हाई," ते म्हणाले. "माझा डिंक इतका पातळ लागत न्हाई."

निखतची मान खाली गेली. "चुकलं माझं, अब्बा."

"चुकलं कुठं? सरळ बसलंय. चिमटा कुणी शिकवला?"

"तुमच्याकडं बघून."

त्यांनी खिशातून किल्ली काढून शोएबच्या हातावर ठेवली. "शब्द तो शब्द. दुकान तुझं. फकस्त माझं कोपऱ्यातलं टेबल राहू दे. तिथं ही बसंल."

"पोरगी स्टेशनापाशी दुकानात बसणार?" हुसेनबी म्हणाली.

"कॅफेत बसती, तवा?"

हुसेनबीनं शोएबकडं पाहिलं. शोएबनं किल्ली मुठीत फिरवली. मी इकडं कोरडा कागद, पण मलाही घाम फुटेल असं वाटलं.

"बसू द्या, चाची," तो शेवटी म्हणाला.

याला आता चार वर्षं झाली. पुढं शोएबचे मोबाइल, मागं निखतचं टेबल. रशीदभाई शेजारी स्टुलावर असतात, घड्याळ कानाला लावतात आणि दोष कुठं आहे ते सांगतात. माझा रंग उडाला आहे. एका इंजिनाला कसर लागली आहे. मालगाडी गेली की अंगभर कापरं भरतं. आणखी किती उन्हाळे काढीन, माहीत नाही.

कधी घड्याळ घेऊन आलात तर मोबाइलचं काउंटर ओलांडून आत या. निखत भिंग लावून वाकलेली असेल, तर लगेच हाक मारू नका. तेवढा वेळ रशीदभाईही श्वास रोखून बसलेले असतात.