फाळक्यावरचं नाव

जालिंदरने ट्रॉलीच्या मागचं लाल रिफ्लेक्टरचं कापड सोडलं आणि घडी करून पुढच्या ट्रॅक्टरवाल्याच्या हातात दिलं. साखर कारखान्यासमोरच्या उसाच्या रांगेत ही नेहमीचीच देवघेव होती. फाटकावरचा रखवालदार मायाप्पा चमकतं कापड बघून गाडी आत सोडायचा, आणि तेच कापड कुंपणावरून पुन्हा बाहेरच्या रांगेत यायचं. एका कापडावर निम्मी रांग पार व्हायची. ‘कापडाशिवाय गाडी आत नाही’ या नियमालाही फसवायचं आणि मायाप्पालाही, यात सगळ्या करकंब गावाची हुशारी एकवटली होती.

जालिंदरचं कारण मात्र वेगळं होतं. कापड बांधलं की फाळक्यावरचं, म्हणजे ट्रॉलीच्या मागच्या पत्र्यावरचं, नाव झाकलं जाई. अल्तमश पेंटरकडून त्याने पिवळ्या अक्षरांत ते काढून घेतलं होतं: ‘संघप्रिया जालिंदर, मोटार वाहन निरीक्षक’. अल्तमशने आधी ‘सहायक’ लिहायला घेतलं, तर यानेच ते पुसायला लावलं. जन्मभर दुसऱ्याच्या फडात ऊस तोडलेल्या माणसाने स्वतःचा ट्रॅक्टर घेतला, लेक साहेब झाली, आणि ते कुणी वाचायचंच नाही? वर कमाल म्हणजे, मागच्या हंगामात उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकली आदळून माणसं गेली तेव्हा बैठकीत भांडून हा नियम आणला होता तो याच लेकीने. कापडही तिनेच घरी आणून दिलं होतं.

तेवढ्यात आरटीओची जीप येऊन थांबली. संघप्रिया उतरली, रांगेच्या कडेने चालत आली आणि स्वतःच्या नावासमोर उभी राहिली.

“आबा, कापड कुठंय?”

“हाय की. आत्ता येतंय.”

कुंपणावरून कापड आलंच. ते झेलणाऱ्याने तिला पाहिलं आणि कापड पाठीमागे लपवलं. सगळी रांग बाप-लेकीकडे बघत राहिली.

“गाडी बाजूला घ्या. कापड बांधल्याशिवाय आत सोडणार नाही.”

“नंबर जाईल माजा.”

“जाईल.”

जालिंदरने गाडी रस्त्याकडेला घेतली. त्याचे कान लाल झाले होते. कुणीतरी कापड आणून त्याच्या हातात कोंबलं आणि म्हणालं, “पोटच्या पोरीनं असं करावं व्हय?”

“ड्युटीवर हाय ती,” जालिंदर त्याच्यावरच खेकसला. “तितं सायेब म्हणायचं.”

राग तर आला होताच. कापड काखेत मारून तो पलीकडच्या टपरीवर जाऊन बसला. चहा झाला, दुसरा झाला. दिवस मावळला. उसाच्या पाचटाचा धुरळा रस्त्यावर उतरला तशी दूरवरची एकेक ट्रॉली दिसेनाशी झाली. करकंबकडून एक मोटारसायकल आली. तिच्या उजेडात रांगेतल्या ट्रॉल्यांची कापडं लांबूनच भक्कन पेटली. दुसऱ्याला पास करायला आज कुणी सोडली नव्हती. तोच उजेड जालिंदरच्या ट्रॉलीवर पडला आणि तिथे काहीच दिसलं नाही. नाव नाही, फाळका नाही, ट्रॉलीसुद्धा नाही. मोटारसायकल अगदी जवळ येऊन कचकन वळली. मागे बसलेल्या बाईने पोराला छातीशी धरलं होतं.

जालिंदर उठला. काखेतलं कापड काढून तो ट्रॉलीमागे गेला. चारही कोपरे त्याने पक्के आवळले. पिवळी अक्षरं सगळी झाकली गेली. मग तो मुद्दाम लांब चालत गेला आणि येणाऱ्या एका जीपच्या उजेडात बराच वेळ आपल्या ट्रॉलीकडे बघत उभा राहिला.

रांगेच्या शेवटी नंबर लावून तो फाटकावर पोचला. संघप्रियाने बॅटरी मारून कापड तपासलं, जसं सगळ्यांचं तपासत होती तसंच, आणि हाताने पुढे जायची खूण केली. मायाप्पाला मात्र राहवलं नाही.

“जालिंदरभाऊ, लेकीचं नाव झाकलंसा की!”

“झाकलं कुटं?” जालिंदरने गिअर टाकला. “आता लांबनं दिसतंय.”