उखळापाशी राग नाही

परीक्षकांचे अभिप्राय मोठ्याने वाचायचे, ही झोम्बा शहरातील आमच्या लेखन-कार्यशाळेची पहिल्या सकाळची प्रथा मीच सुरू केली. नियतकालिकाकडून निबंध परत आलेल्या तरुण अध्यापकाने उभे राहून आपल्या वाट्याचा सर्वांत विषारी अभिप्राय वाचायचा आणि इतरांनी मंदासी, म्हणजे तळलेले गोड गोळे, खात यथेच्छ हसायचे. अपमान एकट्याने गिळला की बाधतो, वाटून खाल्ला की फराळ होतो. आमच्या साहित्यावर आम्ही काय लिहावे हे दूर बसून निनावीपणे ठरवणाऱ्या जमातीबद्दल माझी आणखीही मते आहेत. ती सभ्य भाषेत मांडण्यात माझी तीस वर्षे गेली.

त्या वर्षी आतुपेले न्यिरोंगोची पाळी शेवटी आली. तिचा निबंध मका कांडताना बायका गातात त्या गाण्यांवर होता. असे निबंध दरवर्षी अर्धा डझन लिहिले जातात. पण महिनाअखेर हा स्वीकारला गेला नाही, तर तिची नोकरी कायम होणार नव्हती. एक परीक्षक अनुकूल होता, दुसऱ्याने निबंध आडवा केला होता.

"वाचतेस काय, कांड की," मागच्या बाकावरून तिचा सहकारी लुसुंगू कालुआ म्हणाला.

आमच्याकडे उखळापाशी सून जे गाते, त्यावर सासूने रागवायचे नसते. तोंडावर म्हटले तर भांडण. मुसळाच्या ठेक्यावर म्हटले तर गाणे. आतुपेलेने टेबलावर मूठ आपटत ठेका धरला आणि परीक्षकालाच सासू केले:

"सासू म्हणते, चौदा पानं पाहुण्यांची दाटी,
कांडून कांडून दमलीस गं, रिकामीच पाटी."

सगळ्यांनी बाके बडवत ध्रुपद उचलले. पाहुणे म्हणजे परदेशी तत्त्वचिंतक. गाणी बिचारी पंधराव्या पानावर सुरू होत होती. हसून माझ्या डोळ्यांत पाणी आले. ठेका थांबवून मी त्या परीक्षकाच्या कुळाचा उद्धार केला. या गृहस्थाने जन्मात मुसळ हाती धरले नसेल, आणि त्याला घरी कोणी गाण्याच्या लायकीचेही समजत नसेल, असे मी पुराव्याविना सिद्ध केले.

मग तिने शेवटचे वाक्य कागदावरून जसेच्या तसे वाचले. ज्या रश्शात मासा पंधराव्या पळीला लागतो, तो रस्सा नव्हे, आश्वासन होय.

हे वाक्य मला माहीत होते. मार्चमधल्या एका रविवारी, लेखकाचे नाव झाकलेल्या सहा निबंधांचा फडशा पाडताना, ते मीच लिहिले होते. नवऱ्याला दोनदा वाचूनही दाखवले होते.

मला मंदासीचा ठसका लागला असे समजून लुसुंगू पाणी घेऊन धावला.

"सासू मी आहे," मी म्हणाले.

 आतुपेलेने पिशवीतून गेल्या वर्षीची वही काढली. "मॅडम, मग ती चौदा पानं घालायला कोणी सांगितलं होतं? तारखेसकट लिहून ठेवलंय मी."

तेही मीच. मोठी नावे दारात उभी केल्याशिवाय आपल्याला आत कोणी घेत नाही, असे याच खोलीत, याच संतापाने, मी शिकवले होते. लुसुंगू हसता हसता बाकावरून खाली घसरला. टेबलावर अजून तिची मूठ होती, म्हणजे रागवण्याची सोय नव्हती. तीस वर्षे ज्या गुन्हेगाराचा मी सातासमुद्रापार शोध घेत होते, ती माझ्याच खुर्चीत सापडली होती, आणि मला हसू आवरत नव्हते.

दुपारीच मी संपादकांना कळवले: मार्गदर्शक आणि मारेकरी एकच असल्याने माझा अभिप्राय रद्द समजावा. आतुपेलेने तीन दिवसांत गाणी पहिल्या पानावर आणली. पाहुण्यांना दोन पाने दिली. उभ्याउभ्या चहा घेऊन जावे, इतकीच.

एकोणतिसाव्या तारखेला उत्तर आले. निबंध स्वीकारला होता. त्याच पत्रात खाली, अतीव खेदपूर्वक, माझे नाव परीक्षकांच्या यादीतून काढल्याचे कळवले होते.

संध्याकाळी थोब्वा, म्हणजे मक्याचे आंबवलेले गोड पेय, कोणी पाजायचा यावरून आतुपेलेचे आणि माझे जुंपले. बातमी आपलीच मोठी, असे दोघींचेही म्हणणे होते.